टूर कंपनीशिवाय बँकॉक : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्याची सगळ्यात महागडी चूक घरी बसूनच होते, हॉटेल बुक करताना. खोलीचे फोटो छान असतात, नाश्ता धरलेला असतो, पत्त्यात ‘सुखुमवित’ असतं, म्हणून माणूस पैसे भरून मोकळा होतो. तिथे पोचल्यावर कळतं, की हॉटेल मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे, गल्लीला तोंड एकच आहे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तेवढंच अंतर कापायला टॅक्सीला अर्धा तास लागतो.

हे असं का, ते आधी समजून घ्या. बँकॉक मुळात कालव्यांचं शहर. १७८२ साली पहिल्या रामराजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसवली, तेव्हा ये-जा पाण्यातूनच होती. पुढे बरेच कालवे बुजवून रस्ते झाले आणि रस्त्यांच्या बाजूच्या शेतांमध्ये लांबच लांब गल्ल्या पडल्या. या गल्लीला थाई लोक ‘सोई’ म्हणतात. कितीतरी सोई पलीकडच्या रस्त्याला मिळतच नाहीत, त्यामुळे सगळी वाहनं मोजक्या मोठ्या रस्त्यांवर येऊन तुंबतात. म्हणून स्वतःचं स्वतः फिरायचं असेल, तर रस्त्यांचा नकाशा बाजूला ठेवा आणि नदी व रेल्वे या दोनच रेघांवर अख्खी सहल बेता. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलं आहे. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, पाच-दहा बाट इकडेतिकडे धरून चाला.

निघण्याआधी

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत मिळाली, पण हे नियम तिथलं सरकार वरचेवर बदलत आलं आहे. तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करा. मित्र मागच्या वर्षी जाऊन आला, या माहितीवर विसंबू नका.

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. शोधायला गेलात, की वर पैसे मागणारी हुबेहूब सरकारी दिसणारी पानं येतात. पत्ता थाई इमिग्रेशनचाच आहे आणि शेवट ‘गो डॉट टीएच’ असाच आहे, हे पाहूनच पुढे जा. पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक आणि पहिल्या रात्रीचा पत्ता एवढं हाताशी असलं, की दहा मिनिटांचं काम आहे. मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत छापूनही घ्या.

इमिग्रेशनच्या खिडकीवर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाचे पैसे दाखवायला सांगू शकतात. व्हिसाशिवाय येणाऱ्याकडे माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्या किमतीचं परकी चलन असावं, असा नियम आहे. दर वेळी विचारतातच असं नाही, पण विचारलं आणि जवळ नसलं तर तिथूनच परत पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे.

हवामानाचं थोडक्यात : नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे महिने, मात्र जानेवारी-फेब्रुवारीत हवेत धूर-धूळ फार असते. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि औषध बरोबर हवंच. एप्रिल आपल्या विदर्भासारखा भाजून काढतो आणि १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाण्याचा सण असतो. त्या तीन दिवसांत रस्त्यावर प्रत्येकजण भिजतो, भिजायची तयारी नसेल तर त्या तारखा टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वाधिक.

हॉटेल कुठे घ्यायचं

नियम साधा आहे : स्टेशनापासून चालत आठ मिनिटांच्या आत. जाहिरातीतल्या ‘पाच मिनिटांवर’ या शब्दांवर जाऊ नका, नकाशावर स्टेशनच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचं अंतर स्वतः मोजा. ६०० मीटरच्या पुढे गेलं तर सोडून द्या. दुपारच्या उकाड्यात बॅग ओढत ६०० मीटर चाललात, की हा आकडा का दिला ते कळेल.

सुखुमवित रस्त्यावर विषम क्रमांकाच्या सोई उत्तरेला आणि सम क्रमांकाच्या दक्षिणेला आहेत. पण ५५ च्या समोर ५४ किंवा ५६ असेल असं समजू नका. दोन्ही बाजूंची मोजणी वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकली आहे, त्यामुळे सोई ५५, म्हणजे थाँग लो, हिच्यासमोर जवळपास सोई ३८ येते. केवळ क्रमांकावरून अंदाज बांधून चालायला लागलेला माणूस दोन स्टेशनं चुकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने असोक स्टेशनचा परिसर घ्यावा, असं आमचं मत आहे. तिथे उन्नत रेल्वे म्हणजे बीटीएस आणि भुयारी रेल्वे म्हणजे एमआरटी एकमेकींना भेटतात. नदी आणि देवळं यांच्यातच रमायचं असेल तर एमआरटीचं साम योत किंवा सनाम चाय, नाहीतर बीटीएसचं सफान ताकसिन पाहा. खाओ सान रस्ता तरुणांमध्ये प्रसिद्ध आहे, पण त्याच्या अगदी जवळ रेल्वे स्टेशन नाही आणि रात्री दोनपर्यंत संगीत थांबत नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथे राहू नये.

स्वस्तात मिळणारे खासगी फ्लॅट टाळा. हॉटेलचा परवाना नसलेली जागा ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं तिथल्या कायद्यात बसत नाही आणि इमारतीचा पहारेकरी तुम्हाला दारातच अडवू शकतो. हॉटेलात शिरताना ५०० ते २,००० बाट अनामत रोख मागतात, तेवढी रक्कम वेगळी ठेवा आणि तिची पावती जपा.

मुंबईहून थेट विमानाला सव्वाचार तासांच्या आसपास लागतात आणि बरीच विमानं रात्री निघून पहाटे उतरतात. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. खोली दुपारी दोनला मिळते. म्हणून ‘बॅगा सकाळी ठेवून घ्याल ना’ असं आदल्या दिवशीच हॉटेलला लिहून विचारा.

विमानतळावरून शहरात

विमानतळ दोन आहेत. स्वस्त विमान कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगला उतरतात, बाकीची सुवर्णभूमीला. तिकिटावरचं नाव नीट वाचा, कारण जोडविमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर मध्ये किमान पाच तास हवेत.

सुवर्णभूमीला बाहेर पडल्यावर लगेच पैसे बदलू नका. वरच्या मजल्यांवरच्या बँकांचे दर वाईट असतात. सरकत्या जिन्याने सगळ्यात खाली, तळघरात उतरा. तिथे एअरपोर्ट रेल लिंकच्या दाराजवळ चलन बदलणाऱ्यांच्या छोट्या खिडक्या आहेत, त्यांचे दर शहरातल्या दरांच्या जवळपास असतात. तिथूनच रेल्वे धरा. फाया थाईपर्यंत ४५ बाट, वेळ अर्धा तासाच्या आत. फाया थाईला बीटीएस मिळते. भुयारी रेल्वे हवी असेल तर त्याआधी मक्कासानला उतरून पुलावरून फेच्चबुरी स्टेशनात जा. गाड्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात आणि मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात.

तिघे-चौघे असाल आणि मोठ्या बॅगा असतील, तर टॅक्सीच परवडते. पहिल्या मजल्यावर यंत्र आहे, बटण दाबलं की चिठ्ठी निघते आणि टॅक्सी उभी असते त्या जागेचा क्रमांक तिच्यावर असतो. मीटरवर जो आकडा येईल त्यात विमानतळाचे ५० बाट आणि द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा. सुखुमवितपर्यंत सगळं मिळून साधारण ३५० ते ४५० बाट. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, तिच्यावर गाडीचा क्रमांक असतो. बॅग राहिली तर तेवढाच आधार.

डॉन मुआंगहून ए-१ आणि ए-२ या बसेस ३० बाटमध्ये मो चित स्टेशनला सोडतात, आणि समोरूनच २०२१ साली सुरू झालेली रेड लाईन रेल्वेही आहे.

पैसे

एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये, हा हिशोब मनात ठेवा. रुपये तिथे बदलून मिळतात, पण दर पडतो. त्यापेक्षा १०० डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. लहान नोटांना दर कमी मिळतो आणि पेनाची खूण असलेली नोट परत करतात. पासपोर्ट दाखवल्याशिवाय चलन बदलत नाहीत.

एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले, की दर वेळी २२० बाट किंवा जास्त शुल्क तिथली बँक घेते, तुमच्या बँकेचं वेगळं. काढायचेच असतील तर एकदम काढा. यंत्र किंवा दुकानदार ‘रुपयांत घेऊ की बाटमध्ये’ असं विचारेल, तेव्हा डोळे मिटून बाट निवडा. रुपये निवडलेत तर ते स्वतःचा महाग दर लावतात. भारतातून निघण्याआधी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. रोमिंग सुरू नसेल तर बाहेर गेल्यावर ओटीपी येत नाही आणि मग काहीच करता येत नाही.

नावं कळली की शहर अर्धं कळतं

इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. थाई भाषेत संस्कृत आणि पाली शब्द भरपूर आहेत, फक्त उच्चार पार बदललेला असतो. द चा थ होतो, ब-भ चा फ, ग चा ख, ज चा च, आणि शब्दाच्या शेवटचा र किंवा ल हा न होतो. हे चार-पाच नियम लक्षात ठेवले, की देवचं ‘थेप’, नगरचं ‘नखोन’, राजाचं ‘राचा’ आणि भूमीचं ‘फूम’ कसं झालं ते दिसायला लागतं. क्रुंग थेप महानखोन हे शहराचं थाई नाव, देवांचं महानगर. राचाथेवी स्टेशन म्हणजे राजदेवी. विजय स्मारकाच्या थाई नावात ‘चाय समोराफूम’ येतं, म्हणजे जय समरभूमी. नदीवरचा फ्रा आथित धक्का म्हणजे आदित्य.

व्यवहारात याचा उपयोग उलट बाजूने करायचा. टॅक्सीवाल्याला ‘सुवर्णभूमी’ म्हटलंत तर त्याला कळणार नाही, ‘सुवन्नफूम’ म्हणा. वाट अरुणला (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) स्थानिक लोक ‘वाट चेंग’ही म्हणतात. आणि वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्रप’, बायकांनी ‘खा’ जोडायचं. समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो.

रेल्वे

बीटीएस ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली. तिच्या दोन मार्गिका सयाम स्टेशनात एकत्र येतात. एमआरटी २००४ ची. तिची निळी मार्गिका २०१९ मध्ये जुन्या शहरापर्यंत गेली आणि देवळांपर्यंत रेल्वेने जाता येऊ लागलं. त्याआधीचे लेख वाचून गेलात तर ते ‘जुन्या शहरात रेल्वे नाही’ असंच सांगतील.

दोन्ही रेल्वे वेगवेगळ्या संस्थांच्या. असोकला बीटीएसमधून उतरून एमआरटीच्या सुखुमवित स्टेशनात जाताना बाहेर पडावं लागतं आणि भाडं नव्याने लागतं. बीटीएसचं रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, निळ्या मार्गिकेवर चालत नाही. निळ्या मार्गिकेवर मात्र टॅप करून चालणारं तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट दाराला लावता येतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि आत जाताना जे लावलं तेच बाहेर पडताना. फोनमधलं कार्ड एकदा आणि प्लास्टिकचं कार्ड एकदा असं केलंत, तर यंत्र त्यांना दोन प्रवासी समजतं आणि हिशोब चुकतो.

एमआरटीचं सुटं तिकीट म्हणजे काळं, प्लास्टिकचं, कॅरमच्या सोंगटीसारखं टोकन. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत बॅगा घेऊन चढू नका. आपल्या लोकलसारखी धक्काबुक्की नसते, माणसं रांगेत शांतपणे उभी राहतात आणि डबा भरला की पुढच्या गाडीची वाट पाहतात. ती रांग मोडू नका.

बोटी

खरी मजा इथे आहे, आणि बरेच पर्यटक इथेच गोंधळतात.

सफान ताकसिन स्टेशनातून दोन नंबरच्या दाराने उतरलात की समोर साथोन धक्का. तिथे गळ्यात फलक घातलेले लोक तुम्हाला खासगी लांबशेपटी बोट हजार-दीड हजार बाटला विकायला बघतील, आणि शेजारी निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची खिडकी असेल. निळी बोट वाईट नाही, दिवसभराचा पास १५० बाटच्या आसपास आहे आणि इंग्रजीत घोषणा होतात. पण तुम्हाला दोन-तीन फेऱ्याच करायच्या असतील तर नारिंगी झेंड्याची साधी बोट घ्या, कितीही लांब जा, १६ बाट. पिवळा आणि हिरवा-पिवळा झेंडा नोकरदारांच्या गर्दीच्या वेळेपुरता असतो. त्या बोटी मधले धक्के गाळतात. चुकून तिच्यात चढलात तर उतरायचा धक्का मागे पडलेला पाहत बसाल.

बोट धक्क्याला जेमतेम अर्धं मिनिट टेकते. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्ट्या वाजवत चालकाला इशारे देतो, कारण चालकाला मागचं टोक दिसत नाही. एक लांब शिट्टी, दोन आखूड, मग दोर खांबाला पडतो आणि लोक उड्या मारून चढतात. उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या, मग न थांबता चढा आणि चढल्याबरोबर आत सरका. दारात थबकणाऱ्यावर शिट्टीवाला ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं. लहान मुलांचा हात घट्ट धरा. धक्का आणि बोट यांच्यातली फट लाटेबरोबर वीतभर ते हातभर होत असते. तिकीट आतच मिळतं. कंडक्टरच्या हातात लांबट पत्र्याची नळी असते, ती खडखडवत तो किंवा ती फिरते, नळीच्या कडेने कागद फाडून तिकीट देते. २० च्या नोटा जवळ ठेवा, हजाराची नोट काढू नका. संध्याकाळी सातच्या आसपास या बोटी बंद होतात.

बोटीत सूचना लिहिलेली जागा भिक्खूंसाठी असते. बाईने भिक्खूला स्पर्श होईल असं बसू किंवा उभं राहू नये.

दुसरी बोट सेन सेप कालव्याची. प्रातुनामच्या बाजारापासून जुन्या शहरातल्या फान फा धक्क्यापर्यंत ती पंधरा-वीस मिनिटांत नेते. त्याच वेळी वरच्या रस्त्यावर गाड्या जागच्या हललेल्या नसतात. पाणी काळं आहे आणि वास येतो. बाजूला निळ्या ताडपत्रीचा पडदा आणि त्याची दोरी असते. समोरून बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून पडदा वर करायचा, नाहीतर सगळ्या रांगेच्या अंगावर पाणी उडतं. कडेला बसलात तर ते काम तुमचं. लांब जाणाऱ्यांना प्रातुनामला बोट बदलावी लागते, त्याच तिकिटावर.

जुनं शहर, एका दिवसात

सकाळी साडेआठला राजवाड्याच्या दारात उभे राहा. राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीटविक्री दुपारी साडेतीनला बंद होते, तिकीट ५०० बाट. दहा वाजले की बसेस भरून गट येतात आणि सावलीची जागा उरत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. फाटकी जीन्स आणि पारदर्शक कपडे चालत नाहीत. साधा सुती कुर्ता आणि सैल पायजमा, किंवा सलवार-कुर्ता, हा तिथला सगळ्यात सोयीचा पोशाख आहे. राजघराण्यातल्या कार्यक्रमांसाठी राजवाडा काही दिवस बंद असतो, ते आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

हे संकेतस्थळ पाहायचं आणखी एक कारण आहे. सनाम चाय स्टेशनातून राजवाड्याकडे जाताना पांढरी भिंत लागते, पण दार त्या बाजूला नाही. प्रवेश उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरून आहे, म्हणजे अजून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. याच भिंतीच्या कडेला नीटनेटक्या कपड्यांतला, गोड इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो. ‘आज सण आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर २० बाटमध्ये टुकटुकने चार देवळं दाखवतो.’ त्या फेरीत रत्नांचं आणि कपड्यांचं दुकान येतं आणि टुकटुकवाल्याला त्याची दलाली मिळते. वाद घालू नका, हसून मान हलवा आणि दारापर्यंत चालत जा. नाहीतर सरळ बोटीने था चांग धक्क्यावर उतरा, तिथून दार जवळ आहे.

आत बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती ६६ सेंटीमीटर उंचीची, हिरव्या जेडची. तिची वस्त्रं उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी वर्षातून तीनदा बदलतात. मंदिराच्या आत फोटो काढायचे नाहीत, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही. दर्शन झालं की बाहेरच्या ओवरीत या. भिंतीभर रामकियेन रंगवलेलं आहे, थाई रामायण, एकूण १७८ चित्रं. आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने ते वाचायचं आणि सुरुवात उत्तरेच्या दारापासून, जनकाला सीता सापडते तिथून. राम म्हणजे फ्रा राम, रावण म्हणजे थोत्सकान, दशकंठ. हनुमान पांढरा शुभ्र आहे आणि ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना त्याची गाठ रावणाच्या मुलीशी, सुफन्नमच्छाशी पडते. सुवर्णमत्स्या हे नाव लगेच ओळखू येतं. आपल्याला पाठ असलेली कथा दुसऱ्या लोकांनी किती प्रेमाने आपलीशी केली, हे पाहायला इथे निदान पाऊण तास द्या. मार्गदर्शकांचे गट ही भिंत पाच मिनिटांत ओलांडतात. तिकिटात सोमवार ते शुक्रवार ‘खोन’ या मुखवटानाट्याचा प्रयोगही धरलेला असतो. आत शिरताच पुढच्या प्रयोगाची आणि तिथे नेणाऱ्या बसची वेळ विचारून घ्या.

तिथून वाट फो. ३०० बाट, ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्याची भांडी ओळीने ठेवलेली आहेत. २० बाट देऊन सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं. ऊन उतरल्यावर, चारच्या सुमाराला, था तियन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी पकडा, पाच बाट. वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं. शिखरावर बसवलेले चिनीमातीचे तुकडे खालूनच जास्त चांगले दिसतात. सूर्यास्तासाठी मात्र परत अलीकडच्या काठावर या, कारण सूर्य देवळाच्या मागे मावळतो.

अयुथया या जुन्या राजधानीला जायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा. साधी, तिसऱ्या वर्गाची रेल्वे जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनातून मिळते, भाडं वीस बाटच्या आसपास. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनातून सुटतात, तेव्हा तिकिटावरचं स्टेशन पाहूनच निघा.

शाकाहारी माणसाने काय खावं

‘नो मीट’ म्हणणं पुरेसं नाही. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी माशाचं पाणी, म्हणजे ‘नाम प्ला’ घालतात. ते त्यांच्या लेखी मांस नाही. करीच्या वाटणात ‘कापी’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते, भाजी परतताना कालवांचा सॉस पडतो, सूपचं पाणी कोंबडीचं किंवा डुकराच्या हाडांचं असतं. सोम ताममध्ये, त्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सुकट घालतात. विक्रेता फसवत नसतो, तुमचा प्रश्नच चुकलेला असतो.

शब्द दोन. एक ‘मांगसविरत’, म्हणजे आपलं मांसविरती. यात अंडं, दूध चालतं. दुसरा ‘जे’, च आणि ज यांच्या मधला उच्चार. हा चिनी बौद्ध परंपरेतला कडक शाकाहार : मांस, मासे, अंडं, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या कापडावर लाल अक्षर, लांबून इंग्रजी १७ सारखं दिसणारं, हे ‘जे’ दुकानाचं चिन्ह. हे चिन्ह दिसलं की निर्धास्त बसा. जैन मंडळींनी मात्र बटाटा-गाजराची चौकशी वेगळी करावी, कंद त्यांना वर्ज्य नाहीत.

वाक्य पाठ करा : पुरुषांनी ‘फोम किन जे ख्रप’, बायकांनी ‘चान किन जे खा’. आणि जोडीला ‘मै साय नाम प्ला’, माशाचं पाणी घालू नका. ‘मै साय खाय’, अंडं नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव येतो, तेव्हा याओवारातचा, म्हणजे चायनाटाउनचा, रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो. शाकाहाऱ्याने जायचं तर याच दिवसांत. एरवी मॉलचं फूड कोर्ट उत्तम. खिडकीवर रोख भरून कार्ड घ्यायचं, स्टॉलवर ते दाखवायचं, उरलेले पैसे त्याच दिवशी परत. घरची चव आठवली तर साम योत स्टेशनजवळच्या फाहुरातला जा, तिथे गुरुद्वारा आहे आणि आजूबाजूला पराठा, छोले, चहा मिळतो. मार्च ते मे आंब्याचा हंगाम. चिकट भात, नारळाचं दूध आणि आंबा हा पदार्थ बिनधास्त खा.

टॅक्सी आणि टुकटुक

टॅक्सीच्या काचेवर लाल दिवा पेटलेला असेल तर ती रिकामी आहे. आपल्याला उलटं वाटतं आणि माणूस रिकाम्या टॅक्सी सोडत बसतो. बसण्याआधी ‘मीटर’ म्हणा. मीटर साधारण ३५ बाटपासून सुरू होतं. नाही म्हणाला तर दार लावून पुढची पाहा, किंवा ग्रॅब, बोल्ट या टॅक्सीच्या ॲपवर भाडं आधीच पाहून घ्या. टुकटुकला मीटर नसतं, बसण्याआधी ठरलं तेच भाडं. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले दुचाकीवाले असतात, आतल्या गल्लीत जायला तेच सगळ्यात जलद. हेल्मेट मागून घ्या.

हे मात्र करू नका

ई-सिगारेट नेऊ नका, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि पोलीस पकडतात. २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध उठले, पण जून २०२५ पासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आणि परत येताना त्याचा कणही बॅगेत असला तर भारतात तो गंभीर गुन्हा आहे. राजा आणि राजघराणं यांच्याबद्दल काही बोलू-लिहू नका, त्याला वर्षानुवर्षांची शिक्षा आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळ्यांबरोबर उभे राहा. बुद्धाची मूर्ती विकत घेतलीत तर ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातल्या छोट्या ताईताला लागत नाही.

पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, तिची प्रत घेऊन सुखुमवित सोई २३ मधला भारतीय दूतावास. पासपोर्टची आणि शिक्क्याच्या पानाची छायाप्रत मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवलेली असेल, तर हे काम फार लवकर होतं.

परतीच्या दिवशी

रात्रीचं विमान असेल तर अकराच्या आत एअरपोर्ट रेल लिंकमध्ये बसा, शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका. संध्याकाळी पाच ते सात टॅक्सी घ्यायची असेल तर विमानाच्या चार-साडेचार तास आधी निघा. हॉटेलची अनामत सोडताना मागून घ्या, खोली तपासायला पंधरा मिनिटं लागतात. नाणी भारतात कुठेच बदलून मिळत नाहीत. ती स्टेशनाजवळच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याच्या बाटलीवर आणि वाटेतल्या खाऊवर संपवा, नोटा तेवढ्या पुढच्या खेपेला ठेवा.